जानेवारीत आईबाबांना कॉर्नवॉलला न्यावं का?

पूर्णगडची_लेक

मंडळी, सल्ला हवाय. आईबाबा नोव्हेंबरपासून इंग्लंडमध्ये रेडिंगला आमच्याकडे आहेत, फेब्रुवारीच्या मध्यावर परत जातील. बाबांचं बालपण पूर्णगडच्या खाडीवर गेलं, पुढे चौतीस वर्षं मुंबईत तार खात्यात नोकरी. इथे आल्यापासून म्यूझियमं झाली, राजवाडे झाले, आणि परवा जेवताना म्हणाले, "बेटावर राहता ना तुम्ही? मग समुद्र कुठाय?" तेव्हापासून मला चैन नाही.

रजा मिळतेय ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, पाच दिवस. मनात कॉर्नवॉल आहे, म्हणजे इंग्लंडचा नैऋत्य कोपरा, त्यातही अगदी पश्चिमेचं टोक. ऑफिसातले म्हणतात, जानेवारीत तिथे काळं कुत्रंही नसतं, सगळं बंद. बाबा ७२, ठणठणीत आहेत. आई ६८, गुडघा दुखतो, तिला जिने चढवत नाहीत. नवऱ्याला सुट्टी नाही आणि मला अंधारात, अनोळखी अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायची हिंमत नाही. म्हणजे ट्रेन आणि बस. जावं, की समुद्रकाठच्या ब्रायटनला एक दिवस नेऊन आणावं?

ब्रिस्टलकर

जा. ब्रायटनला केव्हाही जाता येईल.

मी गेली सहा वर्षं जानेवारीतच जातो. पहिली गोष्ट, मुक्काम पेन्झान्सला करा. चित्रातल्यासारखं एखादं चिमुकलं गाव बघून मोहात पडू नका. पेन्झान्स बाराही महिने नांदतं गाव आहे. ट्रेनचं शेवटचं स्टेशन तिथे, बसस्टँड स्टेशनला लागून, दवाखाना, औषधाचं दुकान, भाजी, सगळं हाताशी. आणि स्टेशनातून बाहेर आलात की समोर समुद्रच.

दुसरी गोष्ट, उजेड. त्या दिवसांत तिथे सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि पाचच्या आत मावळतं. दिवसाला एकच ठिकाण ठरवा. सकाळी नऊला निघायचं, तीनला परतीची बस. याहून जास्त कोंबायला गेलात तर आईंचे हाल होतील.

थंडीची काळजी करू नका, रेडिंगपेक्षा कमीच असते. दुपारी ८ ते १० अंश, बर्फ क्वचितच. रस्त्याकडेला ताडासारखी झाडं बघून तुमच्या बाबांना नवल वाटेल. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि आडव्या पावसाचा. छत्री घरीच ठेवा, तिथे ती टिकत नाही. पावसाळी जॅकेट, पावसाळी विजार आणि आईंसाठी तळ न घसरणारे बूट, एवढ्यावर पैसे खर्च करा.

मनीप्लांट_लीड्स

मला थोडं वेगळं सांगायचंय. आम्ही तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेलो होतो आणि माझी घोर निराशा झाली. उन्हाळ्याच्या मानाने भाडं निम्म्याहून कमी म्हणून एका लहान गावात घर घेतलं. त्या घरात ऑक्टोबरनंतर कुणी राहिलंच नव्हतं. गाद्या ओलसर, भिंतीवर बुरशी, हीटर रात्री आपोआप बंद व्हायचा. गावातलं एकमेव कॅफे मार्चपर्यंत बंद. चार दिवस पाऊस. लेकीला खोकला झाला तो पंधरा दिवस हटला नाही.

जाऊ नका असं म्हणत नाही. पण घर ठरवण्याआधी फोन करून दोन प्रश्न नक्की विचारा: गेल्या महिन्यात तिथे कुणी राहिलं होतं का, आणि हीटिंग आपल्या हातात आहे की त्यांनी वेळ लावून ठेवलंय. हे मी विचारलं नव्हतं.

ब्रिस्टलकर

मनीप्लांट, अगदी बरोबर. हे दोन प्रश्न मीही यापुढे विचारत जाईन.

खाणीवरचा_दिवा

मी अकरा वर्षं कॉर्नवॉलमध्येच, ट्रुरोला राहतोय, इथल्या रुग्णालयात काम करतो. हा धागा वाचून लिहायलाच बसलो. बराच वेळ लागला, मोठं झालंय, सांभाळून घ्या.

"सगळं बंद असतं" हे लोक ज्या सुरात म्हणतात त्याचं मला वाईट वाटतं. बंद असतं ते पाहुण्यांसाठी मांडलेलं. ते आवरलं की जे उरतं ते इथलं खरं जगणं, आणि तुमच्या बाबांसारख्या माणसाला तेच बघायला आवडेल असं वाटतं.

माउझलचं उदाहरण घ्या. (स्पेलिंग बघून लोक 'माउसहोल' म्हणतात, इथले माउझल म्हणतात. बसमध्ये तसं म्हणा, लगेच आपुलकी वाढते.) पेन्झान्सपासून बसने जेमतेम वीस मिनिटं. दोन दगडी धक्क्यांच्या मिठीत इवलंसं बंदर. हिवाळा लागला की बंदराच्या तोंडात जाडजूड लाकडी ओंडके एकावर एक आडवे बसवतात, म्हणजे अटलांटिकच्या लाटा आत घुसत नाहीत. होड्या त्याआधीच बाहेर काढलेल्या असतात किंवा शेजारच्या न्यूलिन बंदरात हलवलेल्या. उन्हाळ्यात येणाऱ्यांना हे बंद झालेलं दार दिसत नाही.

ते दार का लागतं हे या गावाला वेगळं सांगायला नको. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री 'युनियन स्टार' नावाचं जहाज वादळात सापडलं. त्याच्या मदतीला 'सॉलोमन ब्राउन' ही पेनली पॉइंटची जीवरक्षक नौका गेली. तिच्यावरची आठही माणसं माउझलची, सगळी स्वयंसेवक. दोन्ही नौकांवर मिळून सोळा माणसं होती, कुणीच परत आलं नाही. नाताळात या बंदरात दिव्यांची आरास असते, लांबून लोक बघायला येतात. १९ डिसेंबरला त्यातले बहुतेक दिवे तासभर मालवतात. तुम्ही येईपर्यंत आरास उतरलेली असेल, पण रस्त्याकडेचं जुनं नौकाघर आणि तिथली स्मृतिबाग बघता येईल.

म्हणूनच लाटांबद्दल कळकळीने सांगतो. वादळाच्या दिवशी धक्क्यावर जायचं नाही. पोर्थलेव्हनच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर लाट उसळतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ते लांबून, सुरक्षित जागेवरून काढलेले असतात. दहा लाटा पायाशी येऊन थांबतात आणि अकरावी माणूस घेऊन जाते. बाबा कोकणातले आहेत, त्यांना उधाण कळतं. पण हा समुद्र थंड आहे, पडलेल्या माणसाला पोहता येत असूनही हातपाय चालत नाहीत.

आता बंद खिडक्यांबद्दल. संध्याकाळी माउझलच्या किंवा सेंट आइव्हजच्या गल्ल्यांतून चाललात तर ओळीने अंधारी घरं दिसतील. ही बाहेरच्यांची सुट्टीची घरं. इथल्या तरुण जोडप्यांना जन्मगावात घर घेणं परवडत नाही. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी नर्सेस पाऊण तास लांबून येतात. २०१६ साली सेंट आइव्हजच्या लोकांनी सार्वमत घेतलं. नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं, या बाजूने ऐंशी टक्क्यांहून जास्त मतं पडली. एप्रिल २०२५ पासून तर कॉर्नवॉलमध्ये अशा दुसऱ्या घरांना दुप्पट कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) लागू झालाय. म्हणून माझी विनंती: जानेवारीत या, आणि जे दुकान, जी खानावळ जानेवारीतही उघडी आहे तिथेच खर्च करा. ती माणसं वर्षभर इथे राहतात. हिवाळ्यातल्या चार गिऱ्हाइकांची किंमत त्यांना ऑगस्टमधल्या चाळीसांपेक्षा जास्त असते.

आगरातलं_घर

दिवाभाऊ, वाचून आत काहीतरी हललं. गुहागर तालुक्यात आमचं घरगुती निवासाचं काम आहे, पाच खोल्या. आमचा रिकामा काळ जून ते सप्टेंबर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या ओढून वर घेतलेल्या, झापांनी शाकारलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत किनारा असा की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो. तेव्हा येणारा पाहुणा वेगळा असतो. पडवीत पाऊस बघत बसतो, आईला कुळथाची पिठी करायला सांगतो, दोन दिवसांत घरातला होतो.

ताई, यजमानाच्या बाजूने एक सांगतो. रिकाम्या काळात आम्ही सामान भरून ठेवत नाही. तुम्ही येणार, किती वाजता येणार, रात्री जेवणार का, हे दोन दिवस आधी कळवलंत की सगळं गरम आणि ताजं मिळतं. न कळवता आलात तर आमचीही धावपळ आणि तुमचीही आबाळ. तिकडेही हेच असणार.

पूर्णगडची_लेक

खाणीवरचा_दिवा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ओंडक्यांचं दार बघायचंच म्हणतायत. ठरलं, जातोय! पेन्झान्सला तळमजल्यावरचं घर पाहिलंय. दोन्ही प्रश्न विचारले, उत्तरं समाधानकारक आहेत. आता ट्रेन आणि खाणं याबद्दल सांगा. आई मासे खाते, पण बीफच्या जवळपास काही चालत नाही.

ब्रिस्टलकर

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झान्सला रात्रीची ट्रेन आहे, झोपायच्या डब्यांसकट. पण वयस्कर माणसांना घेऊन दिवसाचीच बरी, कारण वाटेतला डॉलिशचा टप्पा बघण्यासारखा आहे. रूळ अक्षरशः समुद्राच्या भिंतीवरून जातात. जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या घ्या. ही भिंत फेब्रुवारी २०१४ च्या वादळात खचली आणि मार्ग दोन महिने बंद होता. कोकण रेल्वेला पावसात दरडींची धास्ती, तशी या मार्गाला हिवाळ्यात लाटांची. निघायच्या आदल्या रात्री गाड्या चालू आहेत ना, ते बघा. आईबाबांना सीनियर रेलकार्ड काढा. साठीपुढच्या कुणालाही पासपोर्टवर मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. पाचसहा तासांच्या प्रवासात लगेच वसूल होतं.

मनीप्लांट_लीड्स

खाण्याबद्दल: कॉर्निश पेस्टी म्हणून जी मिळते ती नुसती 'पेस्टी' म्हणून मागू नका. मूळच्या पेस्टीत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद असतो. २०११ पासून त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणजे 'कॉर्निश' लिहिलं असेल तर आत बीफ आहेच असं धरून चाला. चीज-कांद्याची किंवा भाज्यांची मागा. मोठ्या करंजीसारखी, काठाला मुरड घातलेली. ती जरूर खा.

आजीचा_बटवा

आई मासे खातात तर न्यूलिन चुकवू नका. पेन्झान्सच्या फरसबंद किनाऱ्याने सपाट रस्त्यावर चालत जाता येतं. मोठं मच्छीबंदर आहे आणि पहाटे लिलाव होतो. तिथे किरकोळ मासळीची दुकानं आहेत. हेक, मंकफिश, मेग्रिम, आणि नशिबात असेल तर सार्डिन, म्हणजे आपली तारलीच म्हणा ना. पूर्वी तिला पिल्चर्ड म्हणत. 'कॉर्निश सार्डिन' असं नाव दिल्यापासून तिला पुन्हा भाव आलाय. वादळ असेल तर होड्या जात नाहीत, मग मासळीही नाही. मसाला, कोकम आणि तिरफळं मात्र घरून घेऊन जा.

न्यूलिनचं आणखी एक. १९१५ ते १९२१ या काळात तिथल्या धक्क्यावर समुद्राची पातळी सतत मोजली, आणि तिची सरासरी काढून ब्रिटनच्या मुख्य भूमीवरच्या सगळ्या उंच्या ठरवल्या. आपल्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ना, तशा इथल्या नकाशांवरच्या उंच्यांचं शून्य न्यूलिनला आहे.

तांब्याची_तार

थांबा थांबा. तुमचे बाबा तार खात्यात होते म्हणालात ना? आणि पोर्थकर्नोचं नाव अजून कुणीच काढलं नाही?

ताई, १८७० साली मुंबई आणि इंग्लंड समुद्राखालच्या तारेने जोडले गेले, त्या तारेचं इकडचं टोक पोर्थकर्नोच्या पुळणीवर आलं. मुंबईहून एडन, तिथून सुएझ, अलेक्झांड्रिया, माल्टा, जिब्राल्टर, लिस्बनजवळचं कार्काव्हेलोस आणि मग पोर्थकर्नो. मुंबई-एडन टप्पा 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने टाकला. आधी फॉल्मथला तार आणायचा बेत होता, पण तिथे जहाजांच्या नांगरांनी ती तुटेल म्हणून हे एकाकी खोरं निवडलं. पुढे तिथे चौदा तारा येत होत्या. दुसऱ्या महायुद्धात कथलाच्या खाणींतल्या कामगारांनी तिथे भुयारं खोदली आणि तारघर डोंगराच्या पोटात हलवलं. १९७० साली ते बंद झालं. आता संग्रहालय आहे, पण हिवाळ्यात रोज उघडं नसतं, वार तपासून जा. बंद असलं तरी पुळणीच्या तोंडाशी तारांची खोली आहे, ती बाहेरून बघता येते.

वर कड्यावर मिनॅक नाट्यगृह आहे. पुळणीवरून तिकडे जायच्या पायऱ्या अतिशय उभ्या आहेत, आईंना त्या वाटेने नेऊ नका.

पूर्णगडची_लेक

तांब्याची_तार, हे मी बाबांना सांगणार नाहीये. थेट तिथेच नेते.

पूर्णगडची_लेक (तीन आठवड्यांनंतर)

आलो. आल्या आल्या आईचं सर्दीपडसं काढलं, म्हणून लिहायला उशीर.

पाच दिवसांपैकी पावणेदोन दिवस नुसता पाऊस. एक आख्खा दिवस घरातच गेला, खिडकीतून समुद्र आणि हातात पत्ते. सेंट मायकल्स माउंट या किल्ल्याच्या बेटावर जायचं होतं. ओहोटीला तिथे पाण्यातून दगडी वाट उघडते, साधारण चार तास. पण आमच्या दिवशी ओहोटी भल्या पहाटे अंधारात आणि मग संध्याकाळी, हे मी बघितलंच नव्हतं. बाबांनी बघितलं होतं. ट्रेनमध्येच म्हणाले, "अष्टमीच्या आसपास जातोय, भांगाची ओहोटी असणार, पाणी फार उतरणार नाही, वेळाही आडनिड्या येतील." मी ऐकलं नाही. समोरच्या मॅरेझियन गावाच्या किनाऱ्यावरून किल्ला बघून परतलो. जाणाऱ्यांनी आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि मग दिवस ठरवा.

माउझलला ओंडक्यांचं दार पाहिलं. बाबा धक्क्याच्या आतल्या बाजूला अर्धा तास उभे होते. ओंडके ज्या खाचेत बसवतात त्या खाचेचा दगड किती झिजलाय ते मला दाखवलं, हात लावून बघायला सांगितलं. "आपल्याकडे होडी वर ओढतात, इथे समुद्रालाच बाहेर ठेवतात," म्हणाले. गावात एकच कॅफे उघडं होतं. आत चार म्हाताऱ्या बायका विणत बसलेल्या. आईला बघून त्यांनी शेगडीजवळची खुर्ची रिकामी करून दिली. त्यांतली एक आईच्या शालीचा काठ हातात घेऊन टाके मोजत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी वीस मिनिटं बोलत होत्या.

न्यूलिनला तारल्या मिळाल्या! दुकानदाराने साफ करून दिल्या. आईने तिरफळं ठेचून तिखलं केलं, आणि पेन्झान्सच्या त्या घरात पूर्णगडचा वास भरून राहिला. चव तंतोतंत आपली नाही, इथली तारली जास्त तेलकट. पण बाबा दोनदा भात घेऊन जेवले.

आणि पोर्थकर्नो. चौथ्या दिवशी ऊन पडलं. संग्रहालय बंद होतं, ते माहीत होतं, पण ऊन पडलेला दिवस सोडायचा नाही असं ठरवलं होतं. बसमधून उतरलो, खोऱ्यातून चालत खाली गेलो. पुळणीवर आम्ही तिघं आणि कुत्र्याला फिरवणारा एक माणूस. पाणी असं हिरवं की आई म्हणाली, रंग कालवलाय कुणीतरी. त्या खोलीपाशी बाबांना उभं केलं आणि सांगितलं, "बाबा, १८७० साली मुंबईची तार इथे येत होती."

ते काहीच बोलले नाहीत. खोलीला एक फेरी मारली. मग पाण्याकडे बघत म्हणाले, "आम्हाला ट्रेनिंगला मार्ग पाठ करायला लावला होता. एडन, सुएझ, अलेक्झांड्रिया... शेवटचं नाव मी कायम चुकायचो." मग दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक करायला लागले. लांब, आखूड, लांब. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली, त्या रात्री ते जेवले नव्हते. ते मला तिथे आठवलं. वाऱ्यात मला टकटक ऐकू येत नव्हती, फक्त बोट दिसत होतं.

परतीची बस तासाभराने होती. आम्ही खडकाच्या आडोशाला बसून चीज-कांद्याची पेस्टी खाल्ली.

तांब्याची_तार

ताई, डोळे भरून आले. काय वाजवत होते ते विचारलंत का?

पूर्णगडची_लेक

विचारलं. पूर्णगड, त्याखाली आजोबांचं नाव, आणि पुढे 'सुखरूप पोचलो'. गावाहून मुंबईला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांनी घरी पाठवलेली पहिली तार.

खाणीवरचा_दिवा

बाबांना माझा नमस्कार सांगा. संग्रहालय कुठल्या वारी उघडं असतं ते मी कळवेन. पुढच्या वेळी ट्रुरोला उतरा, तिथून मी गाडीने नेतो.